सातांतला एक

जोतीराम चौगुल्याला मोजायची खोड होती. उद्यमनगरातल्या फौंड्रीत त्यानं उभी हयात काढली. ओतलेले भाग गार झाले की मोजून पेटीत टाकायचे हे त्याचं काम, आणि एखादा नग कमी भरला तर त्याला घास गोड लागायचा नाही. रिटायर झाला, उचगावच्या घरी बसला, पण खोड काय गेली नाही. लग्नाच्या पंगतीत पानातले पदार्थ मोजायचा, आणि त्याची बायको बनाबाई कपाळाला हात लावायची. अहो, पंगतीत माणूस जेवतो की पंचनामा करतो?

तर शनिवारी संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये पाहुण्यानं "नियम सात आहेत" असं म्हणून सुरुवात केली, सांगून झाल्यावर हात जोडले आणि तो खाली बसला, तेव्हा भरल्या हॉलमध्ये एकट्या जोतीरामाच्या कपाळाला आठी पडली. पाहुण्यानं सहाच सांगितले होते.

पाहुणा म्हणजे एझरा पेझारकर. मूळचा रेवदंड्याचा. त्यांच्या आज्या-पणज्याचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, कारण घर यहुदी. पन्नासएक वर्षांमागं एझरा कोल्हापुरात डिप्लोमा करायला आला, जोतीरामाच्या बाकावर बसला आणि दोघांची अशी गट्टी जमली की दर रविवारी तो सायकल मारत उचगावला जेवायला यायचा. पुढं आईबाप, भावंडं सगळीच इस्रायलला गेली, त्यांच्यासोबत हाही गेला. पत्रं येत राहिली, मग फोन, मग मोबाईलवर चेहरा दिसायला लागला. आणि आता, दोघांच्याही तोंडातले अर्धे दात पडल्यावर, एझरा एकदम दारात उभा राहिला. डोक्यावर छोटी गोल टोपी, हातात बॅग, आणि मराठी तीच रेवदंड्याची, मऊ भातासारखी.

"जोत्या, मला तुमच्या लोकांना काही सांगायचंय," तो म्हणाला होता. "आमच्यात असं मानतात की महापूर ओसरल्यावर देवानं नोहा नावाच्या माणसाला सगळ्या मनुष्यजातीसाठी नियम दिले. ते सगळ्यांना सांगणं आमचं काम होतं, आणि आम्ही ते विसरून बसलो. म्हटलं, जिथं शिकलो त्या गावात तरी सांगावं."

जोतीरामानं लगेच तालीम गाठली. तालमीचा अध्यक्ष सयाजी, तरणाताठा गडी, मिशीला पीळ देत म्हणाला, "काका, हॉल घ्या की. पर आमच्या देवाधर्माला कुनी नख लावलं तर मी ऐकून घेनार न्हाय."

"न्हाय लावनार. माझा शब्द," जोतीराम म्हणाला. आणि शब्द देऊन मोकळा झाला.

सभा मात्र झकास झाली, हे कबूल करायला हवं. एझरानं शनिवार कडक पाळला होता. दिवसभर खोलीत बसून राहिला, पंख्याच्या बटणालासुद्धा हात लावला नाही. आभाळात तीन चांदण्या दिसल्या, म्हणजे त्याचा शनिवार संपला, तेव्हाच तो तालमीकडे निघाला. गावातली माणसं 'हा कुठला नवा प्राणी' म्हणून बघायला आली होती. सयाजीनं उभा राहून पहिलाच सवाल टाकला, "पावणं, धरम बदलाय लावनार असला तर आत्ताच सांगा."

"छे, अजिबात नको," एझरा म्हणाला. "कोणी यहुदी व्हायला आलाच तर आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, त्याला तीनदा परत पाठवतात. आम्हाला पाळायला सहाशे तेरा आज्ञा आहेत. तुम्हाला सातच. तेवढ्या पाळल्या की देवाच्या दारात तुम्ही आमच्या बरोबरीचे."

"सहाशे तेरा? मग आमचंच बरं हाय की," मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. लोक मोकळे झाले. धर्म सांगायला आलेला माणूस म्हणतो, आमच्यात येऊ नका. असलं काही उचगावानं आजवर ऐकलं नव्हतं.

खून करू नये, चोरी करू नये, दुसऱ्याच्या बाईवर वा बाप्यावर डोळा ठेवू नये, देवाला शिव्याशाप देऊ नयेत. यावर कोण काय बोलणार? माना डोलल्या. मग आला जिवंत जनावराचा लचका तोडून खाऊ नये हा नियम. तिथं मटणाचा दुकानदार आकाराम उठला. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

"पावणं, खेकड्याचं काय? त्येच्या नांग्या आमी जित्तेपनीच मोडतो."

एझरानं जरा विचार केला. "नियम जनावरांचा आणि पाखरांचा. खेकड्याचं नाव त्यात नाही. मी तर खेकडा खातच नाही. पण तुम्ही विचारलंत, म्हणजे तुम्हालाच कुठंतरी टोचत असेल."

"टोचतंय न्हवं, चावतंय. म्हनून तर आदी मोडतो," आकाराम म्हणाला, पण खाली बसताना तो हसला नाही. बराच वेळ आपल्या बोटांकडं बघत राहिला.

शेवटी, प्रत्येक समाजानं न्यायालयं उभारावीत, हा नियम. तेव्हा तर टाळ्याच पडल्या. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच यावं म्हणून वकिलांनी किती वर्षं रस्ता धरला होता, ते सगळ्यांना ठाऊक. "ह्यो नियम आमी भांडून पाळलाय बगा," सयाजी छाती काढून म्हणाला. आणि तेवढ्यात एझरानं हात जोडले.

सहा. जोतीरामानं बोटं पुन्हा मोजली. सहाच.

घरी निघताना त्यानं बाबासो कांबळ्याला गाठलं. बाबासो म्हणजे रिटायर्ड पोस्टमन, बुद्धविहाराचा कारभार बघणारा, जोतीरामाचा शाळेपासूनचा सोबती.

"बाबासो, एक नियम कमी भरला."

"मला बी तसंच वाटलं," बाबासो म्हणाला. "आमाला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, ह्येंच्या सातच. म्हनलं, लई सवलत हाय. मग बसल्या बसल्या लावून बगितलं, आमच्यातलं कुठलं ह्येंच्यात हाय आनि कुठलं न्हाय."

"मग कुठला ऱ्हायला?"

बाबासोनं त्याच्याकडं बघितलं आणि तो गालातल्या गालात हसला. "आमच्या बावीसातल्या अगदी सुरवातीच्याच आठव. आनि मला विचारू नगस. दोस्त तुझा हाय, त्येच्या तोंडनं ऐक."

बाबासोच्या प्रतिज्ञांची सुरुवात कशी आहे, हे उचगावात कुणाला ठाऊक नाही? ह्या देवाला मानणार नाही, त्या देवाची पूजा करणार नाही. जोतीरामानं मनाशी अंदाज बांधला.

नियम काय असेल ते असो. त्याला खुपत होतं ते निराळंच. गुरुवारी आल्यापासून एझरानं त्याच्या घरचा एक घास खाल्ला नव्हता. "डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय," म्हणायचा, आणि स्वतः उकडलेली अंडी, केळी, काकडी खाऊन राहायचा. बनाबाईनं पहिल्या दिवशी थालपीठ लावलं, दुसऱ्या दिवशी आंबोळ्या केल्या, तिसऱ्या दिवशी काही केलंच नाही. "असलं कसलं पथ्य? अंडं चालतंय आनि भाकरी चालत न्हाय?" ती म्हणाली होती, आणि जोतीरामाला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचत होतं आणि ते त्याला नको होतं. कारण ह्याच माणसानं पन्नास वर्षांपूर्वी ह्याच घरात, जोतीरामाच्या आईच्या हातच्या पुरणपोळ्या चापून खाल्ल्या होत्या. तेव्हा काय मनात नाक मुरडत खाल्ल्या? पोटासाठी केलेली दोस्ती होती का ती? एवढंच एक त्याला कळायला हवं होतं.

रविवार उजाडला. जोतिबाचा वार. चौगुल्यांच्या घरात रविवारी पुरण शिजतं, तेही सणाच्या भांड्यात. मटणाची भांडी निराळी, ती परसातल्या चुलीपाशी पालथी घातलेली. आणि देवघरातल्या जोतिबाच्या चांदीच्या टाकाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालत नाही. हा दंडक जोतीरामाच्या आईचा, धोंडुबाईचा. बाई अशी खमकी की लहानपणी जोतीरामानं नैवेद्याआधी गुळाचा खडा उचलला तर त्याच्या हातावर तापलेलं उलथनं बसलं होतं. डाग अजून होता. बनाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा पुरणात मीठ पडलं का म्हणून तिनं बोट चाटलं, तर सासूनं ते सगळं पुरण गाईला घालायला लावलं होतं.

एझरा सोप्यात बसून अंडं सोलत होता. जोतीराम समोर जाऊन बसला.

"एझऱ्या, काल तू सहाच सांगितलंस."

एझराचा हात थांबला. "मोजलेस?"

"जलमभर दुसरं काय केलं मी? सातवा कुठला?"

"सातवा नाही. पहिलाच." एझरानं अंडं ताटलीत ठेवलं. "मूर्तीची पूजा करू नये."

आत तव्यावर पोळी पडल्याचा आवाज आला. जोतीरामानं देवघराकडं बघितलं. टाकावर सकाळीच वाहिलेला दवणा होता, गुलाल होता. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. बाबासोच्या बोलण्यावरून त्यानं अंदाज बांधलेलाच होता.

"मग तालमीत का गिळलास?"

"तू शब्द दिला होतास ना. सयाजीला. माझ्यापायी तुझी मान खाली जाऊ नये, म्हणून गिळला. आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सांगायला म्हणून एवढ्या लांब आलो आणि मुख्य तेच खिशात ठेवलं."

"आनि पथ्य?"

एझरानं मान खाली घातली. "पथ्य नाही. देवापुढं ठेवलेलं मला चालत नाही. एवढंच."

हे आलंच. जोतीराम बोलायला लागला तो थांबलाच नाही. "मग तवा? तवा कसं चाललं रे? माझ्या आईनं जोतिबाला दाखवल्याबिगर ह्या घरात कुनाला पानी दिलं न्हाय. तू दर आयतवारी मांडी घालून बसायचास, चार चार पोळ्या हाणायचास. तवा तुझा देव झोपला हुता? का आमी अडानी, आमाला काय कळतंय, म्हनून खाल्लंस आनि मागनं तोंड धुतलंस? खरं काय ते सांग. काय बी असू दे, पर खरं सांग."

एझरानं मान वर केली.

"मी आलो की आई तुला कुठं पाठवायची?" त्यानं विचारलं.

"आडावर. पानी आनाय." जोतीरामाच्या आवाजात एवढ्या वर्षांनीसुद्धा कुरकुर आली. त्याला ते पोरवयात फार लागायचं. पाहुणा सायकलवरून उतरतो न उतरतो तोच आई घागर हातात द्यायची. त्याला वाटायचं, आईला शहरात राहणारं हे गोरंगोमटं पोरगं आपल्यापेक्षा लाडकं, म्हणून आपण पाणक्या.

"पहिल्या रविवारी तू आडावरच गेला होतास," एझरा म्हणाला. "मी चुलीपाशी बसलो होतो. पुरणाचा वास सुटलेला, आणि मी मेसचं खाऊन कंटाळलेलो. पण आईनं देवाचं ताट काढायला घेतलं आणि मला माझी आजी आठवली. म्हटलं, सांगून टाकावं, मग हाकललं तरी हरकत नाही. म्हणालो, आई, देवाला दाखवलेलं मला खाता येत नाही. आमच्यात चालत नाही."

"मग?"

"बघतच राहिली. मला वाटलं, आता उलथनं बसतंय. तर विचारते, 'आनि दावायच्या आदीचं?' म्हटलं, ते चालेल. मग तिनं मटणाची भांडी कुठली आणि सणाची कुठली तेही मला दाखवलं. आमच्यात तेही बघावं लागतं, आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं. तव्यावरची पहिली पोळी उचलून माझ्या पानात घातली आणि म्हणाली, 'खा गप. तू पावना, उठून जानारा. जोतिबा घरचाच हाय, त्यो थांबंल.'"

जोतीरामाचा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला, उलथन्याच्या डागावर.

"आणि तिनं बजावलं," एझरा म्हणाला, "की जोत्याला कळू देऊ नकोस, तो मोजून घेईल आणि त्याच्या आज्याला सांगेल. म्हणून तू आडावर. तू घागर घेऊन यायचास तोवर माझं पहिलं पान झालेलं असायचं. मग नैवेद्य व्हायचा आणि मी तुझ्याबरोबर दुसऱ्यांदा बसायचो, ते तिनं आधीच बाजूला काढून ठेवलेलं खायला. जाईपर्यंत एक रविवार चुकला नाही. जोत्या, मी तुझ्या घरचं चोरून खाल्लं, पण खोटं नाही खाल्लं."

जोतीरामाला आधी हसू फुटलं. ती म्हातारी. ती कर्दनकाळ बाई. पोटच्या पोराला गुळाच्या खड्यापायी डागणारी. तिनं सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, पोराच्या, सगळ्या घराच्या डोळ्यांत धूळ टाकून देवाला ताटकळत ठेवलं होतं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"मग बनाला का न्हाय सांगितलंस? पथ्य कशाला काढलंस?"

"आईला मी पोरवयात सांगितलं. आता वहिनींना कुठल्या तोंडानं सांगू की आधी मला वाढा आणि मग तुमच्या देवाला?"

"एक सांग. तुझ्या हिशेबानं मी चुकतोय, न्हाय का? ह्यो टाक पुजून?"

एझरानं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "होय. या एका बाबतीत, होय."

"मी काय जोतिबा सोडनार न्हाय."

"ठाऊक आहे मला. सांगणं माझं. पाळणं ज्याचं त्याचं."

"मग नीट सांग की." जोतीराम गुडघ्यावर हात टेकून उठला. "संध्याकाळी गारगोटीला माझ्या मेव्हण्यानं शाळेत मानसं बोलावल्यात. तितं सातच्या सात सांग. पयल्यापासनं. सयाजीच्या कानावर जाईलच, पर त्येला मी बगतो, म्हनतो शब्द माझा चुकला, पावण्याचा न्हाय. शिव्या बसल्या तर दोघं मिळून खाऊ. पर अर्धं सांगून जाऊ नगस."

आणि तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. बनाबाई तव्यापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, भिंत काय एवढी जाड नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, चुलीनं की रागानं ते कळेना.

"ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. "माझं एवढं पातेलंभर पुरन गाईला घातलं त्या बाईनं. नुस्तं बोट चाटलं म्हनून."

हा निवाडा जोतीरामाचा नव्हता. चूल तिची, नैवेद्य तिचा, आणि सासूचा दंडक इतकी वर्षं तिनंच सांभाळला होता. तिनं म्हटलं असतं की माझ्या घरात हे चालणार नाही, तर ते त्याला ऐकावं लागलं असतं.

बनाबाईनं तव्यावरची पोळी उलटली. फुगू दिली. मग तिनं देवाचं ताट उचललं, जे निम्मं वाढून झालं होतं, आणि ते फळीवर सरकवून ठेवलं. दुसरं ताट घेतलं, पदरानं पुसलं, पोळी त्यात ठेवली.

"भावजी," तिनं हाक मारली. "पाट मांडलाय. सणाची भांडी हायत, मटणाची न्हवं."

एझरा आत आला. पाटावर बसला, हात धुऊन आला नव्हता म्हणून परत उठला, हात धुतले, ओठातल्या ओठात आपल्या प्रार्थनेच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि पहिला घास घेतला. जोतीराम त्याच्यासमोर रिकामाच बसला. एझरा खाली मान घालून खात राहिला आणि मध्येच बाही डोळ्यांवरून फिरवली. बनाबाईनं ते बघितलं आणि न विचारता दुसरी पोळी वाढली. तिसऱ्या पोळीला त्यानं नको म्हटलं नाही. जोतीराम मोजत होता, पण आज नुसतंच.

जेवण झाल्यावर बनाबाईनं देवाचं ताट परत खाली घेतलं, पोळीवर तूप सोडलं आणि ते देवघरापुढं ठेवलं. एझरा उठला आणि सोप्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले नाहीत आणि तोंडही फिरवलं नाही. घंटा वाजली. जोतीरामानं ताटाभोवती पाणी फिरवलं, टाकापुढं डोकं टेकवलं.

"देवा, आज जरा उशीर झाला," तो म्हणाला. "पर तुला सवय हाय."